उरलेलं निम्मं

“आईचं निम्मं धरायचं हं, डॉक्टर,” मुलगा म्हणाला, आणि हृदयाचे डॉक्टर हसले.

एवढंच झालं. कुणी कुणाला मारलं नाही, टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा हलला नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, चक्कर येते का, कधी शुद्ध हरपली का, आणि मी सांगायला तोंड उघडत होते. आता माझं तोंड उघडणं हे काही साधं काम राहिलेलं नाही. ओठांभोवतीची कातडी आवळत चाललीय, नाडी ओढलेल्या पिशवीसारखी. पहिला शब्द बाहेर पडायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात मुलगा माझ्या वतीनं बोलून मोकळा झाला होता. “नाही, तसं काही नाही. कधीतरी गरगरतं म्हणते. आईचं निम्मं धरायचं हं, डॉक्टर.” डॉक्टर हसले, मुलगा हसला, आणि मीही हसले, एवढ्या कष्टानं उघडलेलं तोंड फुकट कशाला घालवा म्हणून. मग डॉक्टरांनी माझ्या इकोच्या कागदावर टिचकी मारली. “पंप झकास चाललाय, आजी. ईसीजी पण ठीक. ह्या वयात थोडी धडधड व्हायचीच. मनाला लावून घेऊ नका. गॅसची गोळी देतो.” मनाला म्हणे! माझं मन कुठे असतं ते ह्यांना एका टिचकीत कळलं, आणि छातीत काय बसलंय ते मला विचारायचंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “बघ, सुटलीस.” मी सुटले नव्हते. ते वाक्य माझ्या नरड्यात काट्यासारखं आडवं बसलं होतं. नरडंही हल्ली अरुंद झालंय, भाताचं शीतसुद्धा विचार करून खाली उतरतं. असलं वाक्य कुठून उतरणार?

आता त्याआधी काय झालं होतं ते सांगते, आणि हे पूर्ण धरा. दुपारची वेळ. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही सगळ्यात वर. मी भाजीची पिशवी घेऊन चढत होते. दुसऱ्या वळणाशी छातीतला पारवा जागा झाला. पारवा म्हणते, कारण दुसरं काही म्हणता येत नाही. चार ठोके नीट पडतात, मग आत कुणीतरी पंख झाडतं, मग काहीच नाही, एक मोठी रिकामी जागा, आणि मग धपकन एक ठोका, कपाट पडल्यासारखा. त्या दिवशी रिकामी जागा संपलीच नाही. डोळे उघडले तेव्हा मी पायरीवर बसलेली होते, पाठ भिंतीला, आणि पिशवीतली लिंबं घरंगळत पार खालच्या दारापर्यंत गेली होती. मी कधी बसले, कशी बसले, मला माहीत नाही. वर येऊन मुलाला कामावर फोन केला. तेव्हा मी मुद्दाम ठरवलं होतं की ह्या गोष्टीला एक टाकासुद्धा जादा घालायचा नाही. म्हटलं, “आज जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला. खाली बसले. किती वेळ ते कळलं नाही.” तो म्हणाला, “बरं. पाणी पी. लिंबू-सरबत घे. संध्याकाळी येतो.” झालं. त्यानं निम्मं धरलं. अंधाराचं निम्मं म्हणजे तिन्हीसांजा, तिन्हीसांजेला कोण घाबरतं? जिन्यात गेंडा आला होता, त्यानं मला शिंगावर घेऊन गच्चीपर्यंत नेलं, असं सांगितलं असतं तर निम्म्याचं निदान कुत्रं तरी झालं असतं, आणि पोरगा काम टाकून धावत आला असता.

मुलाचं कामच तसलं. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान खरं किती ते ठरवायचं. दिवसभर लोक त्याच्यासमोर रडतात, दार गेलं, इंजिन गेलं, सगळंच गेलं, आणि हा मान डोलावत मनात निम्मं करतो. त्याला आम्ही लहानपणापासून मुनीम म्हणतो. पण निम्म्याची रीत त्याची नाही, ती त्याच्या वडिलांची. कुणी पाहुणे आले, मी रंगात आले, विहिरीतल्या माशानं माझी बांगडी घातली होती वगैरे सुरू झालं की हे मध्येच म्हणायचे, “हिचं निम्मं धरा, तरी पोट भरेल.” सगळे हसायचे. मग पाहुणे गेले, दाराला कडी लागली, की हे खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “हं, आता उरलेलं निम्मं दे.” मी द्यायचे. माशाला बांगडी सैल होत होती म्हणून त्यानं सोनाराकडे पाठवलेला निरोप, सोनाराची बायको, सगळं. पोरानं बापाकडून पहिलं वाक्य तेवढं उचललं. दुसरं त्याला कधी ऐकूच आलं नाही, तोवर तो झोपलेला असायचा.

आणि मी थापा मारते, खोटं बोलत नाही. ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण ते सांगायला गेलं की लोक त्याचंही निम्मं करतात. थाप ऐकणाऱ्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला माहीत असतं, दोघं मिळून तिला उडवतात. खोटं एकट्यानं लपवावं लागतं. माझी बोटं पहिल्यांदा पांढरी पडली ती नळाखाली, मेणबत्तीसारखी, मग निळी, मग लाल. नात घाबरून ओरडली तेव्हा मी म्हटलं, अगं, मी रंगांची राणी आहे, गार पाण्यात हात घातला की बोटांना हुकूम सुटतो. मग काय, तिच्या मैत्रिणी आल्या की प्रयोग. “आजी, निळं कर!” मी वाटीत बर्फ घेऊन बसायचे आणि करायचे. आतून बोटांत कुणी खिळे ठोकतंय असं व्हायचं, पण पोरी टाळ्या वाजवायच्या. आता सून म्हणते, “तेव्हा का नाही बोललात? आम्हाला वाटलं गंमत आहे.” गंमत होतीच! दुखत होतं आणि गंमतही होती. दोन्ही एका वाटीत मावतं हे ह्यांना कळत नाही, ही काय माझी चूक?

मी रफूच्या दुकानात उभा जन्म काढला. धुलाईवाल्याच्या दुकानामागे एक खोली, काचेचं टेबल, काचेखाली दिवा. कोटाला जळलेलं भोक, शालीला उंदरानं घेतलेला घास, सगळं माझ्याकडे यायचं. त्याच कापडाच्या शिवणीतून धागा काढायचा आणि ताणा-बाणा परत विणायचा. वरून हात फिरवला तर कुणाला कळू नये. पण काचेवर ठेवून खालून दिवा लावला की माझं मला दिसायचं, विणकाम तिथे दाट झालंय, उजेड कमी येतोय. नव्या मुली यायच्या त्यांचा हात जड असायचा. भोक बोटाएवढं, रफू तळहाताएवढा. कापड फाटत नाही मग, पण वळतही नाही. कोटाची बाही दुमडायला गेलं की पुठ्ठ्यासारखी उभी. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला ह्या दुखण्याचं नाव पहिल्यांदा सांगितलं, स्क्लेरोडर्मा, आणि म्हणाल्या की अंग स्वतःलाच दुरुस्त करत सुटतं, जिथे जखम नाही तिथेही जखमेसारखी कातडी विणत राहतं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच चिडले. फाटलेलं नसताना रफू? कुणी सांगितलं होतं? कुठली अडाणी पोर बसवलीय माझ्या आत?

ह्या डॉक्टरीणबाई हसत नाहीत. पहिल्यांदा मला तेही आवडलं नव्हतं. हृदयवाल्यांच्या त्या हसण्यानंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा रक्ताचा कागद बघून त्यांनी मुलाला म्हटलं, “तुम्ही जरा बाहेर बसता का?” मुलगा म्हणाला, “मी असलेला बरा. आईला वाढवून...” “बाहेर बसा,” त्या म्हणाल्या. दार लागलं. मग माझ्या तोंडापाशी पट्टी धरून ते किती उघडतं ते मोजलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, “छातीत काय होतं?” मी म्हटलं, “पारवा आहे.” मी वाट बघत होते की आता भुवई वर जाईल. त्या म्हणाल्या, “तो फडफडून परत बसतो, की फडफडल्यावर थोडा वेळ काहीच नसतं?” मला काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं गोष्टी सांगतेय, गोष्टीच्या आत येऊन प्रश्न विचारणारी, ह्यांच्यानंतर, ही दुसरीच व्यक्ती. मी सगळं सांगितलं, जिना, लिंबं, रिकामी जागा. त्या म्हणाल्या, “हे हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंत?” मी म्हटलं, “सांगणार होते. तोंड उघडेपर्यंत उत्तर दिलेलं होतं.”

मग त्यांनी मुलाला आत बोलावून समजावलं. रक्तात एक घटक जरासा वाढलाय, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तो वाढतो. हा आजार कातडीवर थांबत नाही, हृदयाच्या भिंतीतही शिरू शकतो, ठिपक्याठिपक्यानं. इकोमध्ये पंप हलताना दिसतो. थोड्या जागा कडक झाल्या तरी पंप हलतोच, म्हणून इको चांगला येतो. तो बिघडेपर्यंत थांबलं तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. एमआरआयमध्ये भिंतच दिसते, कुठे सूज आहे, कुठे वण झालाय. “आत्ता दिसलं तर आत्ता काही करता येईल,” त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, म्हणजे इको हा वरून फिरवलेला हात, आणि हा खालचा दिवा. मुलगा मात्र घरी आल्यावर म्हणाला, “इको नॉर्मल आहे, आई. हृदयाचे एवढे मोठे डॉक्टर नॉर्मल म्हणतात. उगाच त्या नळकांड्यात कशाला पडायचं? तुला बंद जागेत गुदमरतं.” “मला बंद घरात पण गुदमरतं,” मी म्हटलं, “तिथे नाही कुणी काळजी करत.” सून भांडी पुसत होती. ती म्हणाली, “जाऊ द्या की त्यांना. आईंना नवीन गोष्ट मिळेल, आपल्याला वर्षभर पुरेल.” असं म्हणून तिनं कपाटातून लोकरीचे हातमोजे काढले, बटणं-बिटणं नसलेले, आणि माझ्या पिशवीत टाकले. ही बाई टोमणा मारता मारता काळजी घेते, हिचं काय करावं तेच मला कळत नाही.

तपासणीच्या दिवशी जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मशीनच्या बाहेरची खोली, गार, पांढरी. निळ्या कपड्यातला टेक्निशियन पोपटासारखा विचारत होता, अंगात कुठे लोखंड, हृदयात यंत्र, हाडात पट्टी, कधी छर्रा, तुकडा, सुई आत राहिलेली? मी प्रत्येकाला नाही म्हणत होते. साधं नाही, बिनझालरीचं. आणि माझ्या शेजारी मुलगा एकदम पांढरा पडला. माझ्या बोटांपेक्षा पांढरा. “आई,” तो म्हणाला, “ती सुई?”

कुठली सुई म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. मग आठवलं, आणि माझ्या पायाखालची फरशीच सरकली. हा शाळेत असताना मी त्याला सांगायचे की रफू करताना ओठात धरलेली सुई मी एकदा हसता हसता गिळली. ती पोटात विरघळली नाही, अंगभर फिरते. हवा दमट झाली की गुडघ्यात येते, पाहुणे यायचे असले की कोपरात. आणि घरात कुणी खोटं बोललं की इथे, बरगडीखाली टोचते. सदरा पडून फाटला म्हणालास ना, बघ, टोचली. मारामारी केलीस. तो तिथेच रडून कबूल व्हायचा. हा आता टक्कल पडलेला माणूस, दुसऱ्यांच्या थापा पकडण्याची नोकरी करणारा, मशीनच्या दारात उभा राहून विचारत होता, ती सुई. टेक्निशियनचा चेहरा बदलला. “आजी, सुई आहे अंगात? हे मोठं चुंबक आहे. सुई असेल तर आत नेता येणार नाही.” मी म्हटलं, “नाही रे बाबा. गोष्ट होती ती.” तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, “पूर्ण नसेल, पण... काहीतरी असेल. तुकडा वगैरे. आई म्हणते त्याचं निम्मं...”

अर्धी सुई! माझ्या पोरानं इतकी वर्षं माझ्या पोटात अर्धी सुई धरली होती. मी जिन्यात पडले ते खोटं, आणि सुई खरी! माझ्या होयचं निम्मं, आणि माझ्या नाहीचंही निम्मं. मला असं वाटलं की हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घालावी. “अरे मुनिमा,” मी म्हटलं, “सुई गिळली असती तर मी सांगितलं असतं का? खरं दुखणं तुला सांगून काय मिळतं मला? पाणी पी, सरबत घे!” टेक्निशियननं तेच केलं जे त्यानं करायला हवं होतं. मला व्हीलचेअरवर बसवून खालच्या मजल्यावर नेलं आणि मानेपासून कमरेपर्यंत एक्सरे काढले. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो, मायलेक, माझ्या पोटात सुई नाही हे एका काळ्या काचेनं सांगावं म्हणून. एका पोऱ्यासारखा तो आपले गुडघे चोळत होता. काच म्हणाली, सुई नाही. त्यानं असा सुस्कारा सोडला की शेजारची बाई वळून बघायला लागली. मला त्याचा कळवळा येत होता आणि तोच जास्त संताप आणत होता.

सुई मात्र शेवटी टोचलीच, औषधाची. हाताची कातडी इतकी घट्ट की नर्स शीर शोधता शोधता घामाघूम झाली. मग टेक्निशियननं माझ्या हातात रबराचा एक फुगा दिला. “आत भीती वाटली, काही झालं, की मूठ दाबा. मी लगेच बाहेर काढतो.” मी म्हटलं, “कुठली मूठ?” त्याला कळेना. मी हात पुढे केला, जेवढी बोटं वळतात तेवढी वळवून दाखवली. वाटी झाली, मूठ नाही. माझी मूठ वळणं बंद होऊन दोन हिवाळे झाले. ज्या आजारासाठी मला ह्या यंत्रात घालतायत, त्या आजारात मूठ वळत नाही, आणि घाबरलात तर मूठ वळा म्हणतायत. हे ठरवलं कुणी? तो ओशाळला, म्हणाला, “थोडं दाबलं तरी वाजेल.” “थोडं नको,” मी म्हटलं, “कोपराखाली ठेव. बरगडीवर दाबीन. आयुष्यभर गर्दीत जागा करायला कोपरच वापरलाय.” त्यानं फुगा कोपराखाली ठेवला, छातीवर एक जड पाटी बांधली, कानावर डबे लावले, मोज्यांवरून पांघरूण घातलं, आणि मी आत सरकले.

आत म्हणजे काय सांगू! छत नाकाला टेकतंय. हवा गार, पांघरुणाखालीही बोटं मेणबत्त्या व्हायला लागली. मग ठोकाठोकी सुरू झाली, वरच्या मजल्यावर कुणी घर बांधतंय, पाडतंय, परत बांधतंय. कानात त्याचा आवाज, “श्वास घ्या. सोडा. आता थांबा.” मी थांबायचे. श्वास बाहेर, आत काही नाही, आणि त्या रिकाम्यात माझा ठोका मला ऐकू यायचा. मला वाटलं, हे तर मला येतं. गोष्ट म्हणजे दुसरं काय असतं? एका जागी आणून समोरच्याला म्हणायचं, आता थांब. मासा तोंड उघडतो, बांगडी चमकते, आणि थांब. समोरच्याचा श्वास आपल्या हातात. हे खुर्चीत पाय वर घेऊन असेच थांबायचे, डोळे मिटून. शेवटी शेवटी दवाखान्यात होते तेव्हाही म्हणाले होते, आज काय झालं सांग, आणि मी सांगितलं होतं की बाहेरच्या नर्सला पंख फुटलेत, ती खिडकीतून ये-जा करते. ते म्हणाले, कुठल्या रंगाचे? तो माणूस माझ्या जिन्यात असता तर म्हणाला असता, लिंबं किती पायऱ्या उतरली? आणि त्या लिंबांवरून त्याला कळलं असतं. “श्वास घ्या. सोडा. थांबा.” पारवा उठला. मी हलले नाही, शपथेवर सांगते, पापणी नाही हलवली. पारव्यानं पंख झाडले, बसला, रिकामी जागा, धप्प. कानातला आवाज जरा वैतागून म्हणाला, “आजी, ठोके मध्येच उड्या मारतायत. चित्र हलतंय. परत घ्यावं लागेल.”

मी त्या नळकांड्यात पडल्यापडल्या हसले. ओठ जेवढे जातात तेवढे. म्हटलं, “परत म्हण.” तो म्हणाला, “काय?” “तेच. उड्या मारतायत म्हण.” तो म्हणाला, “उड्या मारतायत, आजी. बरं वाटतंय ना? बाहेर काढू का?” “नको,” मी म्हटलं, “तू घे चित्र. सगळी घे.” कारण मला तेव्हा समजलं की मला नुसता राग आलेला नाही, मी घाबरलेही आहे. इतके महिने मी रागाच्या पाठीमागे बसून होते, तिथून भीती दिसत नव्हती. आता एक अनोळखी पोरगा भिंतीपलीकडून सांगत होता की पारवा आहे. म्हणजे तो खरंच होता. म्हणजे ती रिकामी जागा एखाद दिवशी संपली नाही तर मी लिंबांच्या मागोमाग खाली जाणार होते. त्यांनी शिरेतून औषध सोडलं. हातातून एक गार रेघ वर सरकली. वण असेल तिथे हे औषध रेंगाळतं, चित्रात ती जागा पांढरी उठते, असं बाईंनी सांगितलं होतं. रफू केलेलं कापड रंगाच्या पिंपात बुडवलं की दाट जागा वेगळी उठते, तसंच की. मी पडून राहिले, आणि मनात त्या आतल्या अडाणी पोरीला म्हटलं, झालं, दिवा लागला, आता दिसशील.

दिसली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. माझ्या हृदयाची भिंत, काळी, बांगडीसारखी गोल, आणि तिच्या मधल्या थरात पांढरे ठिपके, धाग्याचं टोक सुटल्यासारखे. “हे वण,” त्या म्हणाल्या, “आणि इथे, इथे अजून सूज आहे. म्हणजे हे चालू आहे. पण चालू आहे म्हणूनच औषधानं रोखायचा प्रयत्न करता येतो. झालेला वण जात नाही. ठोके नोंदवायला छातीवर एक छोटं यंत्र लावू, त्यात काय दिसतं त्यावर पुढचं ठरेल. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोललेय.” “हसले का ते?” मी विचारलं. “नाही,” त्या म्हणाल्या. मुलगा पडद्याच्या इतका जवळ गेला होता की त्याच्या श्वासानं काच धुरकट झाली. “पण इको नॉर्मल होता,” तो म्हणाला. बाईंनी त्याला विचारलं, “जिन्यात शुद्ध हरपली होती. तुम्हाला माहीत नव्हतं?” त्यानं बाहीनं काच पुसली. मग म्हणाला, “सांगितलं होतं तिनं. पण साधंच सांगितलं होतं.” आणि मग पडद्यालाच सांगितल्यासारखा, “गाडी असती तर मी खाली वाकून बघितलं असतं. रंग चांगला असला तरी बघतो मी. नेहमी बघतो.”

तुम्हाला वाटेल, इथे माझा राग गेला. नाही गेला. उलट तो पडदा बघून वाढला. माझ्या छातीतली गोष्ट मी सांगितली तर निम्मी, आणि तिचा फोटो निघाला तर पूर्ण. माझ्या तोंडापेक्षा त्या ठिपक्यांची पत मोठी. आणि ज्या बाईचा पोरगा थापांना कंटाळलेला नाही, ज्या बाईनं कधी माशाला बांगडी घातलेली नाही, जी नुसतं खाली मान घालून म्हणते की दम लागतो हो, तिचं तरी कोण पूर्ण धरतं? तिलाही गॅसचीच गोळी. मग मी निदान मासे तरी उडवले.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, सवयीनं, “कमरेचे सात तुकडे झालेत.” मुलानं घाबरून रिक्षा थांबवायला सांगितली. “कुठे? कुठे दुखतंय? परत जाऊया?” रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी कपाळाला हात लावला. हे आणखी एक संकट. आता हा माझं सगळंच पूर्ण धरणार. आता मला घरात साधी थाप मारायची चोरी. “अरे बाबा,” मी म्हटलं, “सातचे तीन धर. चालू दे रिक्षा.” तो हसला नाही. थोडं पुढे गेल्यावर बाहेर बघत म्हणाला, “आई, त्या दिवशी जिन्यात काय झालं ते... सगळं सांग ना.” मी त्याच्याकडे बघितलं. बापाचंच कपाळ. दुसरं वाक्य ह्याला कुणी शिकवलं? “आत्ता नाही,” मी म्हटलं. माझ्या घशाशी आलं होतं, पण मी दिलं नाही. इतक्या स्वस्तात नाही द्यायचं.

जिन्याशी आलो. औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, माझी शाल, फळांची पिशवी, सगळं त्याच्या हातात. तो माझ्यामागे एक पायरी ठेवून चढत होता, मी मागे पडले तर झेलायला. दुसऱ्या वळणाशी, तिथेच, माझा श्वास तुटला. पारवा उठला. मी कठडा धरला. गेंडा नाही, अंधार नाही, काही सांगितलं नाही. “थांब,” मी म्हटलं.

तो थांबला. काय झालं विचारलं नाही, थोडंच राहिलंय म्हणाला नाही. दोन्ही हातांत पिशव्या, बोटांना बंद रुतत होते ते मला दिसत होतं, तरी त्यानं पिशव्या खाली टेकवल्या नाहीत. खालून कुणीतरी वर येत होतं, तो भिंतीला चिकटून त्याला वाट देत म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. आई थांबलीय.” पारवा फडफडला, बसला. रिकामी जागा आली आणि गेली. ठोके परत आपल्या रांगेत लागले, एकामागून एक, शहाण्या पोरांसारखे. श्वास आला. पाय मोकळे झाले. मला आता चढता आलं असतं.

मी चढले नाही. कठड्याला टेकून मी त्याला आणखी थोडा वेळ तसाच उभा ठेवला.